पडणे आणि पडून राहणे
कर्करुग्णांच्या तोलाविषयी

केमोथेरपीच्या पुढील डोससाठी रुग्ण आला म्हणजे त्याला काही प्रश्न ठरल्याप्रमाणे विचारले जातात. उलट्या किती झाल्या, ताप आला होता काय, तोंड आले आहे काय, जेवण किती जाते, शौचास साफ होते काय. रक्ताचा अहवाल पाहिला जातो, वजन घेतले जाते आणि डोस द्यावयाचा की आठवडाभर थांबावयाचे, हे ठरते. या प्रश्नमालिकेत एक प्रश्न बहुधा राहून जातो : "मागील भेटीनंतर आपण कोठे पडलात काय ?"

तो विचारला तरी पहिले उत्तर नकारार्थीच येते. थोडे थांबून सोबतच्या मुलाकडे वा सुनेकडे पाहिले, म्हणजे खरी हकीकत हळूहळू बाहेर येते. पडलो नाही, जरा घसरलो, पाय मुडपला, अंधारी आली म्हणून खाली बसलो, भिंतीला टेकलो. आपल्या बोलीत या गोष्टीला इतके पर्याय आहेत, की 'पडलो' हा शब्द न उच्चारता माणूस महिनाभर पडत राहू शकतो. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाच्या या गावात पाठ जमिनीला लागणे म्हणजे हार, ही भावना तालमीत कधी पाऊल न टाकलेल्यांच्याही मनात खोल रुजलेली आहे. त्यात आजारी माणसाला आणखी एक भीती असते. पडलो असे सांगितले तर घरचे अंथरुणातून उठू देणार नाहीत आणि डॉक्टर औषध बंद करतील, ही ती भीती होय. ती सर्वस्वी निराधार नाही. तिचा विचार पुढे करू.

वार्धक्यात पडण्याचा धोका असतोच. पासष्टीच्या पुढील साधारण तिघांपैकी एक व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कर्करोगाच्या उपचारांत मात्र हा धोका वयाची वाट पाहत नाही. पंचेचाळीस वर्षांची, कालपर्यंत शेतात राबणारी स्त्रीही चौथ्या-पाचव्या डोसनंतर उंबरठ्याला अडखळू लागते. हे दुर्दैव नव्हे आणि वेंधळेपणाही नव्हे. ज्या औषधाने गाठ वितळते, त्याच औषधाचा तो एक ओळखता येण्याजोगा परिणाम असतो, आणि ओळखता येतो म्हणूनच त्यावर काही करताही येते.

याचे महत्त्व एका गोष्टीवरून ध्यानी यावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील सिटी ऑफ होप या कर्करोग केंद्राच्या डॉ. आरती हुरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्ट वर्षांवरील पाचशे रुग्णांचा अभ्यास करून, केमोथेरपीचे गंभीर दुष्परिणाम कोणाला होण्याचा संभव अधिक, हे आधी ओळखण्याची एक पद्धत २०११ साली प्रसिद्ध केली. त्या पद्धतीत एकूण अकरा बाबी विचारात घेतल्या जातात. हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाची कार्यक्षमता यांच्याच पंक्तीत तेथे एक साधा प्रश्न बसलेला आहे : गेल्या सहा महिन्यांत रुग्ण एकदा तरी पडला आहे काय ? ज्या माहितीला कोणतेही यंत्र लागत नाही, एक रुपयाही खर्च येत नाही, ती माहिती रक्ततपासणीच्या तोडीची ठरली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही ज्येष्ठ कर्करुग्णांचा असा सर्वांगीण विचार करणारा स्वतंत्र विभाग चालतो.

तोल कशावर उभा असतो

आपण उभे राहतो, हे आपल्याला काही विशेष वाटत नाही. प्रत्यक्षात मेंदूकडे तीन ठिकाणांहून सतत वर्दी जात असते. डोळे समोरचे दृश्य सांगतात. कानाच्या आतील भागात असलेले तोलाचे इंद्रिय डोके कोणीकडे कलले हे सांगते. आणि तळपाय व घोटे खालची जमीन कशी आहे, भार टाचेवर आहे की चवड्यावर, हे कळवितात. या तिन्ही वार्ता जुळवून मेंदू स्नायूंना आज्ञा देतो. एक वार्ताहर गप्प झाला तरी उरलेले दोघे काम निभावून नेतात. दोघे गप्प झाले की माणूस पडतो.

केमोथेरपीतील कित्येक प्रभावी औषधे यांपैकी तळपायाच्या वार्ताहराला गप्प करतात. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिनक्रिस्टिन, यू नावाच्या वृक्षाच्या सालीत प्रथम सापडलेले पॅक्लिटॅक्सेल, तसेच सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन, बोर्टेझोमिब ही ती औषधे होत. स्तन, बीजांडकोश, फुप्फुस, आतडे, रक्त यांच्या कर्करोगांत त्यांचा वापर नित्याचा आहे. ही औषधे संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना इजा करतात, आणि शरीरातील सर्वांत लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत गेलेल्या असल्यामुळे त्रासाची सुरुवात तेथून होते. प्रथम मुंग्या, मग बधिरपणा, मग पायांत मोजे घातल्यासारखी भावना. कापसावर चालल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतात. आपल्याकडे आणखी एक खूण सर्रास आढळते आणि ती विचारून पाहावी : चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि चार पावले पुढे गेल्यावर ते कळते. डॉक्टरांच्या दृष्टीने ही खूण अत्यंत मोलाची आहे.

हा त्रास डोस थांबल्यावर लगेच ओसरेलच असे नाही. सिस्प्लॅटिन व ऑक्सॅलिप्लॅटिन यांच्या बाबतीत तर औषध संपल्यानंतरही काही महिने तो वाढत जाऊ शकतो. उपचार पूर्ण झाले, पेढे वाटले, आणि नेमके त्यानंतर माणूस पडू लागला, याचे कोडे घरच्यांना उलगडत नाही ते यामुळे. शिवाय सिस्प्लॅटिन कानाच्या आतील भागालाही इजा करू शकते. म्हणजे एकाच औषधाने दोन वार्ताहर जायबंदी होतात आणि सगळा भार डोळ्यांवर येऊन पडतो.

डोळ्यांवर भार येतो, म्हणजे काय होते ? दिवसा काहीच होत नाही. रुग्ण दवाखान्यात आपल्या पायांनी चालत येतो आणि डॉक्टरांनाही तो ठीक वाटतो. पण रात्री दिवा मालवला, की तिसरा वार्ताहरही जातो. तसेच न्हाणीघरात डोक्यावरून तांब्या ओतताना किंवा तोंडाला साबण लावलेला असताना डोळे मिटलेले असतात. त्या दोन-चार क्षणांत शरीराला उभे कोठे आहोत याचा पत्ताच नसतो. तोंड धुताना तोल गेला, असे कोणी सांगितले, तर ती किरकोळ बाब समजू नये. डॉक्टर रुग्णाला पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहावयास सांगतात, ती तपासणी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

नसांनंतर स्नायू. उलटी व ॲलर्जी टाळण्यासाठी, मेंदूची सूज उतरविण्यासाठी किंवा खुद्द उपचाराचा भाग म्हणून डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टिरॉइड औषधे दिली जातात. त्यांची गरज वादातीत आहे. मात्र ती आठवडेच्या आठवडे चालली, तर मांड्यांचे व खुब्याजवळचे स्नायू क्षीण होतात. पंजा घट्ट राहतो, हातात बळ असते, पण जमिनीवरून उठता येत नाही. पाश्चात्त्य देशांत ही तक्रार खुर्चीतून उठण्याच्या संदर्भात नोंदलेली आढळते. आपले सारे आयुष्य जमिनीलगतचे; पंगतीला बसणे, भाकरी थापणे, देवपूजा, भारतीय पद्धतीचे शौचालय. त्यामुळे आपल्या रुग्णाला ही दुर्बलता दिवसातून दहा वेळा जाणवते. पण ती सांगितली जाते 'गुडघे धरले' या शब्दांत, आणि उपाय होतो तेलमालिशीचा.

तिसरी बाब रक्तदाबाची. झोपलेले माणूस उभे राहिले, की रक्त पायांकडे ओढले जाते. निरोगी शरीर तत्क्षणी ते सावरून घेते. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेले, रक्त उतरलेले, दोन महिन्यांत वजन बरेच घटलेले शरीर ते सावरू शकत नाही. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब वीस किंवा त्याहून अधिक अंकांनी खाली आला, तर तो दोष मानला जातो. येथे एक चूक आमच्या वारंवार दृष्टीस पडते. रक्तदाबाची गोळी आजाराच्या आधी, वजन पूर्ण असताना ठरविलेली असते आणि ती तशीच चालू राहते. मधुमेहाच्या गोळीचेही तेच. जेवण निम्म्यावर आले आहे, गोळी मात्र पूर्ण आहे. आणि स्टिरॉइडच्या दिवसांत याच्या उलट साखर चढते. कर्करोगाचे डॉक्टर निराळे, रक्तदाबाचे निराळे, गावातील फॅमिली डॉक्टर निराळे. सर्व गोळ्या एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांपुढे ओतणे, यासारखा सोपा आणि उपयुक्त उपाय दुसरा नाही.

वेदनाशामक औषधांनी, विशेषतः मॉर्फिनने, सुरुवातीच्या दिवसांत व डोस वाढविल्यावर गुंगी येते. नसांच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन यांनीही येते. झोपेच्या गोळीची त्यात भर पडली तर विचारावयासच नको. परंतु यावरून दुखण्याचे औषध बंद करू नये. वेदनेने वाकलेला, रात्र रात्र न झोपलेला माणूसही पडतोच. औषध किती आणि केव्हा घ्यावे याचा मेळ डॉक्टरांनी घालावयाचा असतो.

साधे पडणे आणि साधे नसलेले पडणे

निरोगी माणूस पडला तर बहुधा खरचटण्यावर भागते. कर्करुग्णाच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही, याची कारणे दोन : रक्त आणि हाडे.

रक्तातील प्लेटलेट रक्तस्राव थांबवितात. त्यांची संख्या सामान्यतः दीड लाख ते साडेचार लाख असते. बहुतेक केमोथेरपीनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात रक्तपेशी सर्वांत कमी असतात, आणि रक्ताच्या कर्करोगात तर प्लेटलेट मुळातच घटलेल्या असतात. त्या पन्नास हजारांच्या खाली असताना डोक्याला मार लागला, तर आत रक्तस्राव होण्याची भीती मोठी. हा स्राव कधी कधी सावकाश होतो. रुग्ण उठून बसतो, चहा घेतो, बोलतो. काही तासांनी डोके दुखू लागते, उलटी होते, तो गुंगत जातो. म्हणून प्लेटलेट कमी असलेला किंवा रक्त पातळ करणारे औषध घेणारा रुग्ण डोक्यावर पडला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात आणावे. डोके हापटले की नाही याविषयी शंका असेल, तर ते हापटले आहे असेच धरून चालावे.

हाडांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. स्तनाच्या कर्करोगात रजोनिवृत्तीनंतर दिली जाणारी लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल ही औषधे आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगातील हार्मोन-उपचार वर्षानुवर्षे चालतात व हाडे विरळ करीत जातात. स्टिरॉइडही तेच करते. याखेरीज स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड व थायरॉइड यांचे कर्करोग हाडांत पसरण्याची प्रवृत्ती दाखवितात. अशा पोखरलेल्या हाडाच्या बाबतीत क्रम उलटा असू शकतो : पडल्यामुळे हाड मोडले असे आपण म्हणतो, परंतु कित्येकदा हाड आधी मोडलेले असते आणि म्हणून माणूस पडलेला असतो. मांडीत किंवा खुब्यात पाय टेकताना सतत दुखत असेल, तर ते पडण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. वेळेवर कळल्यास किरणोपचाराने किंवा आधाराचा गज बसवून हाड वाचविता येते. आपल्या भागात हाडवैद्याकडे जाण्याची प्रथा जुनी आहे आणि अनेकांना त्यांचा गुण आलेला असेल. पण कर्करुग्णाचे दुखरे हाड ओढणे, चोळणे वा बसविणे हा प्रकार कदापि होऊ देऊ नये.

पाठीच्या कण्यातील प्रसाराविषयी तर एकच सांगणे आहे. पाठीत नव्याने दुखू लागले, दोन्ही पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर ही तासांची शर्यत समजावी. पायांतील बळ पूर्ण जाण्याआधी उपचार सुरू झाले तर रुग्ण पुढे चालू शकतो. नंतर ते बळ परत येईल याची खात्री देता येत नाही. 'चार दिवसांत दोनदा पडले' ही या संकटाची पहिली वर्दी असू शकते.

आणि काहीच मोडले नाही, रक्त आले नाही, तरी एका पडण्याची किंमत मोजावी लागते. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया आणि जखम भरेपर्यंत केमोथेरपी थांबते. ज्या आजाराला आठवड्यांचा हिशेब कळतो, त्याला ते आठवडे मिळतात. हाड न मोडले तरी धीर मोडतो. त्याविषयी पुढे.

रात्रीची पंधरा पावले

हे सारे एकत्र कसे येते, हे पाहण्यासाठी कागल तालुक्यातील एखाद्या गावच्या, पासष्टीच्या आजी कल्पनेने डोळ्यांपुढे आणाव्या. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांना दर आठवड्याला एक, याप्रमाणे पॅक्लिटॅक्सेलचे बारा डोस द्यावयाचे आहेत. आठ झाले आहेत. पाय बधिर आहेत. आज डोस झाला, त्याआधी डेक्सामेथासोन दिले गेले, सलाइन चढले. रात्री अडीच वाजता लघवीची भावना होते. संडास मागील दारी आहे. सून दिवसभर दवाखान्यात ताटकळून आत्ताच झोपली आहे. तिला उठवावयाचे आजींच्या जिवावर येते. दिवा लावला तर नातवंडे जागी होतील. त्या अंधारात उठतात, उठल्याबरोबर चालू लागतात. माजघराचा उंबरठा, मग दोन पायऱ्या, मग पावसाने ओली झालेली शहाबादी फरशी.

या पंधरा पावलांत जे जे धोक्याचे आहे, त्यातील पॅक्लिटॅक्सेल आपण बदलू शकत नाही. बाकी जवळजवळ सर्व बदलू शकतो. अंथरूण न्हाणीघराजवळच्या खोलीत हलविता येते. जमिनीवरील गादीऐवजी गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग देता येतो. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवता येते. तिला आजी प्रथम ठाम नकार देतील, तेव्हा ती 'फक्त रात्रीपुरती आणि पडद्याआड' असे सांगावे, म्हणजे बहुधा मान्य होते. झिरोचा दिवा रात्रभर चालू ठेवण्याचा खर्च नगण्य आहे. भारनियमनाच्या गावी उशाशी विजेरी हवी. स्टिरॉइडच्या गोळ्या सकाळी घेतल्या तर रात्रीची झोप कमी मोडते. मात्र वेळेत बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. पाणी दिवसभरात भरपूर प्यावे आणि निजण्यापूर्वीच्या दोन तासांत हात आखडता घ्यावा. उठताना आधी बसावे, पाय खाली सोडून शंभर अंक मोजावेत, मग उभे राहावे, आणि उभे राहिल्यावरही क्षणभर थांबून मग पाऊल उचलावे.

न्हाणीघरात बसूनच स्नान करावे. त्यासाठी प्लॅस्टिकचे हलके स्टूल बरेच जण आणतात. ओल्या फरशीवर ते सरकते किंवा बाजूला भार पडताच कलंडते. जड लाकडी किंवा रबरी बूच असलेले लोखंडी स्टूल बरे. भिंतीत पक्का गज बसवावा. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. ती माणसाचे वजन घेत नाही. दाराला आतून कडी लावू नये, ही सूचना संकोचाची असली तरी ऐकावी.

पादत्राणांविषयी लिहिताना कोल्हापूरकराची लेखणी थोडी अडखळते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिची कीर्ती जगभर आहे आणि तिच्या टिकाऊपणाविषयी आम्हांला बोलावयाचे नाही. तरीही ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्याच्यासाठी ती योग्य नाही. टाच मोकळी, तळ चामड्याचा, ओल्या फरशीवर निसरडा, आणि पायातून निसटली तरी न कळणारी. रबरी स्लीपरही याच दोषाची. टाचेमागे पट्टा असलेली, खरखरीत तळाची, हलकी सँडल घरातही घालावी. रोज रात्री तळपाय पाहावेत. बधिर पायाला खडा वा काटा कळत नाही. लुगड्याचा, लुंगीचा वा गाऊनचा घोळ घोट्याच्या वर राहील असे पाहावे.

कोल्हापुरात आज केमोथेरपी व किरणोपचार दोन्ही होतात आणि गरजूंना महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. तरी १९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे जाणाऱ्यांची वाट काही थांबलेली नाही. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणाऱ्या अशा रुग्णांना रेल्वे भाड्यात सवलत देते. शयनयान वर्गात तर रुग्णाचे भाडे पूर्ण माफ असते. पण खालचा बर्थ मिळेल एवढे पाहिलेच पाहिजे. मधल्या वा वरच्या बर्थवरून रात्री उतरणे आणि हलत्या डब्याच्या शौचालयात एकट्याने जाणे, हे दोन्ही अशा रुग्णाने करू नये. सोबतच्या माणसाने दाराबाहेर उभे राहावे.

पडून राहा, असे सांगणाऱ्यांस

आता घरच्या मंडळींविषयी. एकदा पडल्याचे कळले, की प्रेमापोटी एकच आज्ञा निघते : "तुम्ही आता उठूच नका, पडून राहा." पडू नये म्हणून पडून राहावे, हा सल्ला वरवर पाहता निर्विवाद वाटतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. अंथरुणात राहणाऱ्या शरीराचे स्नायू दिवसागणिक झिजतात. आजारी व वृद्ध शरीरात ही झीज अधिक वेगाने होते. रक्तदाब सावरण्याची सवय मोडते. पायांत रक्त साकळते. तीन आठवडे पडून राहिलेला माणूस चौथ्या आठवड्यात नाइलाजाने उठतो तेव्हा तो पूर्वीपेक्षा सहज पडतो. मग आज्ञा अधिक कडक होते.

दवाखान्यात एक साधी चाचणी केली जाते. रुग्णाने खुर्चीतून उठावे, दहा फूट चालावे, वळावे, परत येऊन बसावे. यास बारा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर ज्येष्ठ व्यक्तीच्या बाबतीत धोका आहे असे समजतात. हीच चाचणी थोड्या फरकाने व्यायामही होते. भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून, जमल्यास हातांचा आधार न घेता, पाच वेळा उठणे-बसणे. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे. ओटा धरूनच एका पायावर काही क्षण उभे राहणे. अंगणात सकाळ-संध्याकाळ फेऱ्या. कोणी तरी जवळ असावे. हाडांत प्रसार झालेल्यांनी आणि प्लेटलेट फार कमी असलेल्यांनी मात्र आधी विचारावे. त्यांच्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ निराळी आखणी करून देतात. काठी किंवा चौपायी वॉकर वापरण्यात कमीपणा नाही, हे सांगून उपयोग होत नाही असा अनुभव आहे. बाजारापर्यंत काठीने, की घरात काठीवाचून, असा पर्याय पुढे ठेवला म्हणजे काठी स्वीकारली जाते.

राहता राहिली ती औषध बंद होण्याची भीती. बधिरपणा वाढल्याचे सांगितले तर डॉक्टर डोस कमी करतील, दोन डोसांतील अंतर वाढवतील किंवा औषध बदलतील, हे खरे आहे. त्यात गाठीवरचा मारा कमी पडेल, ही शंका रुग्णाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि तिची थट्टा करू नये. पण हा हिशेब डॉक्टर मांडतात तो दोन्ही बाजू पाहून. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातील कर्करोगाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथे शस्त्रक्रियेनंतर सहा महिने ऑक्सॅलिप्लॅटिनयुक्त औषधे देण्याचा प्रघात होता. सहा चाचण्यांतील बारा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, आणि कमी धोक्याच्या गटात, विशिष्ट औषधजोडी वापरली असता, तीन महिन्यांचे उपचार जवळजवळ तितकेच गुणकारी व नसांचा त्रास पुष्कळच कमी, असे दिसून आले. प्रत्येक कर्करोगात असे होईल असे नाही. परंतु कमी डोस म्हणजे नेहमीच कमी उपचार, हेही खरे नाही. उलट बाजूस, झडलेली संवेदना परत आणणारी गोळी अद्याप नाही. ड्युलॉक्सेटिनने आग व वेदना काहीशा कमी होतात, इतकेच. म्हणून हाताच्या बोटांनी ब्लाउजची हुकं लावता येईनाशी होण्यापूर्वी, चप्पल प्रथम निसटली त्या आठवड्यातच सांगणे हिताचे.

पडलेच, तर लगेच उठण्याची घाई करू नये. घरच्यांनी दंड धरून ओढू नये. त्याने खांदा निखळतो आणि मोडलेले हाड सरकते. मिनिटभर तसेच राहू द्यावे, कोठे दुखते ते विचारावे. पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूस वळलेला दिसला, मान दुखत असली, शुद्ध हरपली असली, तर हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काही नसेल तर रुग्णाने कुशीवर वळावे, गुडघे व तळहात टेकून रांगत खुर्चीशी यावे, खुर्चीवर हात ठेवून एक पाऊल पुढे रोवावे आणि मग वर यावे. हे एकदा धडधाकट असताना, दिवसा, सतरंजीवर करून पाहावे.

त्यानंतर केसपेपरच्या मागील कोऱ्या बाजूस चार शब्द लिहून ठेवावेत : तारीख, वेळ, जागा आणि पडण्यापूर्वी काय करीत होता. गुडघा नुसता टेकला असेल तरीही लिहावे. पुढील डोसच्या दिवशी रक्ताच्या अहवालाबरोबर तो कागद पुढे करावा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी.